नमुना प्रमाणासाठी लिब्रेऑफिस कॅल्क : भागाकार चोख, छेदाची जबाबदारी तुमची

लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही तक्रार न करता उघडतं. द डॉक्युमेंट फाउंडेशनने २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळी वाट धरली, तेव्हापासून हा संच चालू आहे. गोव्यातल्या कॉलेजांत प्रकल्पासाठी, पंचायतीच्या किंवा बचतगटाच्या छोट्या पाहणीसाठी जो कोणी दोनशे-तीनशे नोंदींचा तक्ता घेऊन बसतो, त्याच्यासाठी हे परीक्षण आहे. कॅल्कची बाकीची शंभर कामं इथे तपासलेली नाहीत. प्रश्न एकच: तक्त्यातून नमुना प्रमाण काढायला ते कितपत भरवशाचं?

हिशेब म्हणून पाहिलं तर नमुना प्रमाण म्हणजे एक भागाकार. ज्या नोंदींत आपण शोधतोय तो गुण आहे त्या अंशात, ज्यांना हा प्रश्न लागू होतो आणि ज्यांनी उत्तर दिलं त्या सगळ्या छेदात. अंश चुकणं तसं अवघड असतं. छेद मात्र सहज चुकतो, आणि कॅल्कमध्ये तो चार वेगवेगळ्या ठिकाणी चार वेगवेगळ्या रीतींनी ठरतो, तेही न सांगता. या परीक्षणातले गुण आणि दोष बहुतेक याच एका गोष्टीवर मोजले आहेत.

उदाहरणासाठी एक काल्पनिक तक्ता धरू. विषय चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या सजावटीचा: सामान बाजारातून विकत आणलं की रानातून, कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) गोळा केलं? दोनशे घरं, म्हणजे दोनशे ओळी. मथळा पहिल्या ओळीत, नोंदी २ ते २०१ मध्ये. ए रकान्यात अनुक्रमांक, बी मध्ये तालुका, सी मध्ये गणपती कुठे (या घरात, मूळ घरी, नाही), डी मध्ये सामान (विकत, रानातून). सी रकाना गोव्यात टाळताच येणार नाही. पणजीत फ्लॅटवर राहणारं कुटुंब चवथीला मूळ घरी जातं, तिथे भावाभावांचा मिळून एकच गणपती असतो. शिवाय काही घरांत गणपती नसतोच. अशा घराला माटोळीचा प्रश्न विचारला तर डी रकाना रिकामा राहणार, आणि तो रिकामेपणा ‘सांगितलं नाही’ असा नाही, ‘लागू नाही’ असा आहे. दिसायला दोन्ही सारखेच.

तक्त्यात असं आहे असं समजा: १५० घरांत गणपती याच घरात, ३८ जणांचा मूळ घरी, १२ घरांत नाही. त्या १५० पैकी ८४ नी ‘विकत’, ५७ नी ‘रानातून’ सांगितलं, ९ रकाने कोरे. आता ८४ ला २०० ने भागलं तर ०.४२ येतं, १५० ने भागलं तर ०.५६, १४१ ने भागलं तर ०.५९६. ‘माटोळी बसवणाऱ्या आणि उत्तर दिलेल्या घरांपैकी किती जण विकत आणतात’ हा प्रश्न असेल तर तिसरं बरोबर. पहिलं उत्तर सरळ चूक आहे. दुसरं तेव्हाच चालेल जेव्हा कोऱ्या नऊ घरांना ‘विकत नाही’ समजायला काही आधार असेल, बहुधा नसतो.

एक सूचना आधीच: फंक्शनची नावं आणि रकान्यांची अक्षरं इथे देवनागरीत दिली आहेत, ती पडद्यावर रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि ओळींचे आकडेही इंग्रजी घ्यायचे. फंक्शनमधले भाग वेगळे करायला इथे अर्धविराम वापरला आहे. तुमच्या कॅल्कमध्ये काय चालतं ते टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, फॉर्म्युला इथे ‘सेपरेटर्स’खाली दिसतं.

सगळ्यात भरवशाची वाट काउंटइफ्सची, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटी पाळणाऱ्या ओळी मोजणाऱ्या फंक्शनची. अंशासाठी:

=काउंटइफ्स(सी२:सी२०१; "या घरात"; डी२:डी२०१; "विकत")

छेदासाठी हेच सूत्र दोनदा, एकदा "विकत" आणि एकदा "रानातून" घालून, आणि दोघांची बेरीज. काउंटए वापरून ‘जे काही भरलेलं आहे ते मोजा’ असं सांगायचा मोह होतो, कारण सूत्र लहान होतं. नको. काउंटएला रकान्यात नुसती स्पेस असली तरी तो भरलेलाच वाटतो, आणि ज्या सेलमध्ये रिकामं अवतरण परत देणारं सूत्र आहे तोही भरलेलाच. प्रकार एकेक मोजून बेरीज घेतली की पडताळाही आपोआप होतो: विकत ८४, रानातून ५७, या घरात पण कोरे ९, मूळ घरी ३८, गणपती नाही १२, मिळून २००. ही बेरीज दोनशेला भिडली नाही तर कुठेतरी ‘विकत’च्या मागे स्पेस आहे किंवा कोणी ‘विकतचं’ लिहिलं आहे. बेरीज जुळेपर्यंत भागाकाराला हात लावू नये.

इथे कॅल्कची एक सेटिंग माहीत हवी. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट इथे ‘शोधाची अट पूर्ण सेलला लागू’ अशा अर्थाचा एक चौकोन आहे. तो मुळात खूण केलेला असतो, म्हणून ‘विकत’ आणि ‘विकत ’ (मागे स्पेस) वेगळे धरले जातात. कोणी ती खूण काढली असेल तर ‘विकत’ शोधताना ‘अर्धं विकत’ही मोजलं जातं आणि अंश गुपचूप फुगतो. प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर काम करत असाल तर हा चौकोन आधी बघा.

दुसरी वाट १ आणि ० ची. एफ रकान्यात ‘विकत’ला १, ‘रानातून’ला ० द्यायचा आणि त्या रकान्याची सरासरी घ्यायची, शून्य-एकची सरासरी हेच प्रमाण. देखणी रीत आहे, आणि पुढे तालुक्यांप्रमाणे सरासरी काढायला सोयीची. पण बहुतेक जण सूत्र असं लिहितात: डी२ मध्ये ‘विकत’ असेल तर १, नाहीतर ०. या ‘नाहीतर’मध्ये कोरे रकाने, मूळ घरवाले, गणपती नसलेले सगळे शून्य होऊन बसतात आणि सरासरी ०.४२ दाखवते. कॅल्क एका शब्दाने हटकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. नीट सूत्र हे:

=इफ(डी२="विकत"; १; इफ(डी२="रानातून"; ०; ""))

रिकामं अवतरण म्हणजे मजकूर, आणि ॲव्हरेज फंक्शन रेंजमधला मजकूर मोजत नाही. म्हणून छेद १४१ चा राहतो आणि ०.५९५७ येतं. काउंटइफ्सच्या उत्तराशी हे जुळलं पाहिजे.

गाळणीबद्दल थोडक्यात. ऑटोफिल्टर लावून डी मध्ये ‘विकत’ निवडलं की खालच्या पट्टीवर ‘२०० पैकी ८४ नोंदी’ अशा अर्थाची ओळ येते. ती वाचून ४२ टक्के लिहून मोकळे होणारे बरेच भेटतील. ती ओळ फक्त किती ओळी दिसताहेत ते सांगते, छेदाशी तिचा संबंध नाही. आधी सी मध्ये ‘या घरात’ निवडलं तरी तिथला दोनशे तसाच राहतो.

आता पिव्होट टेबल. तालुक्यांप्रमाणे दुहेरी तक्ता हवा असेल तर याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. मथळ्यांसकट सगळ्या ओळी निवडा, इन्सर्टमधून पिव्होट टेबल घ्या, ओळींत तालुका, रकान्यांत सामान, गाळणीत गणपती कुठे, आणि मधल्या डेटाच्या चौकटीत अनुक्रमांक ओढा. पहिला खड्डा इथेच: कॅल्क मुळात बेरीज करतं. अनुक्रमांकांची बेरीज येते आणि सत्तरी तालुक्याच्या चौकटीत काही हजारांचा आकडा बघून माणूस चक्रावतो. डेटाच्या चौकटीतल्या नावावर दोनदा टिचकी मारा, बेरजेऐवजी ‘काउंट’ निवडा. त्याच खिडकीत ‘डिस्प्लेड व्हॅल्यू’ हा भाग उघडला की ‘ओळीचे टक्के’, ‘रकान्याचे टक्के’, ‘एकूणाचे टक्के’ असे पर्याय मिळतात.

आपल्या तक्त्यातली १४१ उत्तरं तालुक्यांप्रमाणे अशी धरू:

तिसवाडी : विकत ३०, रानातून ५, एकूण ३५
फोंडा : विकत २६, रानातून १४, एकूण ४०
डिचोली : विकत १८, रानातून १८, एकूण ३६
सत्तरी : विकत १०, रानातून २०, एकूण ३०

ओळीचे टक्के घेतले तर तिसवाडीचं ८५.७, फोंड्याचं ६५, डिचोलीचं ५०, सत्तरीचं ३३.३. रकान्याचे टक्के घेतले तर तिसवाडीसमोर ३५.७ येतात, कारण आता प्रश्न बदलला: विकत आणणाऱ्या ८४ घरांपैकी तिसवाडीची किती? एकूणाचे टक्के घेतले तर ३० भागिले १४१, म्हणजे २१.३. तिन्ही आकडे बरोबर आणि तिन्ही एकाच चौकटीत दिसतात. प्रश्नात ‘तिसवाडीतल्या घरांपैकी’ असेल तर तिसवाडीची ओळ छेदात, ‘विकत आणणाऱ्यांपैकी’ असेल तर तो रकाना छेदात. ‘पैकी’च्या आधी जे येतं तो छेद, इतकं धरलं तरी परीक्षेतले निम्मे गुण वाचतात.

पिव्होटचा खरा दोष पुढे आहे. डी मध्ये कोऱ्या असलेल्या नऊ घरांचा ते ‘रिकामं’ अशा मथळ्याचा वेगळा रकाना करतं आणि टक्के काढताना त्यालाही छेदात धरतं. तिसवाडीत पाच कोरे असतील तर ओळीचे टक्के ३० भागिले ४० होतात: ८५.७ ऐवजी ७५. हा फरक छोटा नाही. रकान्यांच्या मथळ्याजवळचा बाण उघडून रिकाम्याची खूण काढली की छेद पुन्हा ३५ वर येतो. हे करायचं राहू नये म्हणून पिव्होट बनवला की आधी टक्के न घेता नुसती मोजणी बघा, तिची एकूण काउंटइफ्सशी जुळवा, आणि मगच टक्क्यांवर जा. आणखी एक: मूळ तक्त्यात दुरुस्ती केल्यावर पिव्होट आपणहून बदलत नाही. उजवी टिचकी मारून ‘रिफ्रेश’ म्हणावं लागतं. अहवालात जुने आकडे जाण्याचं हे नेहमीचं कारण.

चार तालुक्यांच्या टक्क्यांची सरासरी काढून ‘एकूण प्रमाण’ लिहिणंही नेहमीचं. इथे ती ५८.५ येते, खरं प्रमाण ५९.६. फरक कमी दिसतो तो गट जवळपास सारख्या आकाराचे आहेत म्हणून. एका तालुक्यातून १२० आणि दुसऱ्यातून १० घरं असती तर सरासरी पार भलतीकडे गेली असती. अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज, हेच एकूण प्रमाण. त्यातही तालुक्यातून घरं त्या तालुक्यातल्या घरांच्या संख्येच्या प्रमाणात निवडलेली नसतील तर ५९.६ हे फक्त नमुन्याचं वर्णन राहतं. चारही तालुक्यांबद्दल बोलायचं तर प्रत्येक तालुक्याच्या प्रमाणाला त्याच्या घरांच्या वाट्याचं वजन द्यावं लागेल. कॅल्कमध्ये हे सम्प्रॉडक्टने (जोड्या गुणून बेरीज करणारं फंक्शन) एका सूत्रात होतं.

प्रमाणासोबत चूकमर्यादा (खरं प्रमाण या आकड्याच्या किती मागेपुढे असू शकतं ते) द्यायला हवी, आणि इथे कॅल्क अर्धवट आहे. डेटा मेनूतल्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये प्रतिगमन, अनोव्हा, टी-चाचणी, काय-वर्ग सगळं आहे, पण एका प्रमाणाची चाचणी किंवा त्याचा विश्वास-अंतराल (चूकमर्यादा वजा आणि अधिक करून येणारा पट्टा) नाही. तिथली झेड-चाचणी दोन सरासरींसाठी आहे. नाव बघून प्रमाणाचे आकडे तिच्यात घालू नयेत. हातानेच करावं लागतं, पण अवघड नाही. प्रमाण ०.५९५७, त्याला १ वजा तेच, म्हणजे ०.४०४३ ने गुणलं की ०.२४०८, भागिले १४१, त्याचं वर्गमूळ ०.०४१३. ही प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर). गुणिले १.९६ केलं की ०.०८१. म्हणजे ९५ टक्के पातळीवर साधारण ५१.५ ते ६७.७ टक्के. हेच कॉन्फिडन्स फंक्शनला ०.०५, ०.२४०८ चं वर्गमूळ आणि १४१ देऊनही मिळतं. मूळ फंक्शन सरासरीसाठी आहे, पण शून्य-एकचा प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) दिला की इथेही चालतं.

ही साधी रीत तिसवाडीला लावू नये. तिथे ‘रानातून’ फक्त ५ आहेत, आणि दोन्ही बाजूंना निदान दहा नोंदी असाव्यात असा ढोबळ नियम आहे. साध्या रीतीने ७४.१ ते ९७.३ येतं, एडविन विल्सन यांच्या १९२७ च्या रीतीने ७०.६ ते ९३.७. विल्सनची रीत लहान गटात बरीच जास्त विश्वासार्ह. एखाद्या वाड्यातल्या सगळ्याच घरांनी ‘विकत’ म्हटलं तर साधी रीत चूकमर्यादा चक्क शून्य सांगते, म्हणजे दहा घरांवरून शंभर टक्के खात्री! विल्सनचं सूत्र कॅल्कमध्ये एकदा लिहून टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा (झेड म्हणजे वरचं १.९६, एन म्हणजे छेदातल्या नोंदी): मध्यबिंदूसाठी प्रमाणात झेडचा वर्ग भागिले दोन एन मिळवायचा, अर्ध्या रुंदीसाठी त्रुटीच्या वर्गात झेडचा वर्ग भागिले चार एन-वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं आणि झेडने गुणायचं, शेवटी दोन्हींना १ अधिक झेडचा वर्ग भागिले एन याने भागायचं. आणि वाड्यात एकूण ६० घरं असून त्यातली ३५ विचारली असतील तर त्रुटी आणखी कमी होते. तिला (एकूण वजा नमुना) भागिले (एकूण वजा १) याच्या वर्गमुळाने गुणावं. नमुना एकूणाच्या ५ टक्क्यांहून मोठा नसेल तर या भानगडीत पडू नका.

काय-वर्ग चाचणी (तालुक्यांमधला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते बघणारी) मात्र व्यवस्थित चालते. वरच्या चार ओळी आणि दोन रकाने दिले की मूल्य २०.४ च्या आसपास येतं, मुक्तांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ३. तिला मोजणीचे आकडे द्यायचे, टक्के नाहीत. टक्के दिले तर ती प्रत्येक तालुक्यात शंभर घरं होती असं समजते. ‘एकूण’चा रकाना निवडीत घेतला तरीही उत्तर बिघडतं.

जनगणनेचे तक्ते घेऊन कोणी बसलं तर आणखी एक घोळ होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि त्यात स्त्रिया ७,१९,४०५, प्रमाण ०.४९३. हे समष्टीचं, म्हणजे सगळ्याच लोकांचं प्रमाण आहे, नमुन्याचं नाही. त्याला १.९६ ची चूकमर्यादा चिकटवणं निरर्थक. आणि त्याच जनगणनेतलं साक्षरतेचं ८८.७० टक्के हे सात वर्षं आणि त्याहून मोठ्यांपैकी आहे; साक्षरांना पूर्ण लोकसंख्येने भागलं तर हा आकडा कधीच येणार नाही आणि दोष कॅल्कला दिला जाईल.

तक्ता आत आणताना कॅल्क इतरांपेक्षा सरस वाटतं. गूगल फॉर्मवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल उघडली की ते आधी विचारतं: अक्षरसंच कोणता, वेगळं करणारं चिन्ह कोणतं, कुठला रकाना मजकूर. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवला की देवनागरी शाबूत राहते. घरातल्या माणसांचा ‘३-५’ असा गट हाताने टाइप केला तर काही सेटिंगमध्ये तो तारीख होऊ शकतो, म्हणून तो रकाना आधीच मजकूर ठरवून टाका.

उत्तरांची भाषा हा इथला खास त्रास. एकाच रकान्यात ‘हो’, ‘होय’, ‘हय’, ‘व्हय’ आणि रोमी लिपीतलं उत्तर अशी खिचडी येते. शिवाय ‘सुपाऱ्या’ आणि ‘सुपार्‍या’ पडद्यावर सारखे दिसले तरी आतली अक्षरं वेगळी असतात आणि मोजणीत फुटू शकतात. उपाय आधीच करायचा: डेटा मेनूतल्या ‘व्हॅलिडिटी’त यादी देऊन रकान्यात फक्त ठरलेली उत्तरंच घेऊ द्या, किंवा थेट संकेतांक भरा, १ विकत, २ रानातून, ८ लागू नाही, ९ उत्तर नाही. आठ आणि नऊ वेगळे ठेवल्याने वर सांगितलेली अर्धी डोकेदुखी संपते. फक्त या संकेतांकांची सरासरी काढू नका.

एकाहून जास्त उत्तरं निवडता येतील असा प्रश्न (‘विकत काय काय आणलं?’) असला तर गूगल फॉर्म सगळी उत्तरं स्वल्पविरामाने एकाच सेलमध्ये ठेवतो: ‘आंबाडे, चिबूड, कवंडळ’. प्रत्येक वस्तूचं प्रमाण काढायला काउंटइफमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका लावा. पण ‘*केळ*’ शोधलं की केळफूलही मोजलं जातं, तेव्हा पूर्ण ‘केळीचा घड’ द्या. छेद घरांचाच राहतो, उत्तरांचा नाही. त्यामुळे सगळ्या वस्तूंच्या प्रमाणांची बेरीज १ च्या वर गेली तर घाबरू नये.

पर्यायांचं बोलायचं तर गूगल शीट्समध्येही काउंटइफ्स असंच चालतं आणि चार जणांना एकाच वेळी नोंदी भरता येतात. फोनवर नोंदी घेणार असाल तर तेच घ्या आणि शेवटी कॅल्कमध्ये उतरवा. तयार दुहेरी तक्ता पुस्तकात छापलेला असेल तर साधा कॅल्क्युलेटर पुरतो, त्यासाठी लॅपटॉप उघडू नका. प्रमाणाची चाचणी आणि अंतराल वारंवार लागत असेल तर आर (R) ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकणं फायद्याचं. तिथे प्रॉप-टेस्ट नावाचं एकच फंक्शन विल्सनचा अंतराल देतं, मुळात अंतराल जरा रुंद करणाऱ्या सातत्य-दुरुस्तीसह. एक्सेल आधीच विकत घेतलेलं असेल तर फक्त या कामासाठी बदलायचं कारण नाही.

पाचपैकी गुण: मोजणीसाठी साडेचार, पिव्होटसाठी तीन, अंतरालासाठी दोन. कॅल्कचं टक्क्यांचं रूप दशांशानंतर दोन आकडे दाखवतं, ५९.५७. एकशे एक्केचाळीस घरांवर दुसऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. फॉरमॅटमध्ये जाऊन एकच ठेवा, आणि टक्क्यांच्या शेजारच्या रकान्यात ‘१४१ पैकी ८४’ असं लिहूनच अहवाल छापायला द्या.